उत्तर: मिनेसोटात मराठी नाटकासाठी आर्ट्स कौन्सिलचं अनुदान

प्रश्न थोडक्यात असा: ट्विन सिटीजमधला (मिनिआपोलिस-सेंट पॉल) दहा-बारा जणांचा हौशी गट, दोन वर्षं गणेशोत्सवात एकांकिका केल्या, आता वेगळा हॉल घेऊन दोन अंकी नाटक करायचंय. पदरमोड तरी किती करणार? मेट्रोपॉलिटन रीजनल आर्ट्स कौन्सिलकडे अर्ज करावा का, आणि मराठी नाटकाला ते पैसे देतात का?

भाषेची आडकाठी नाही, अर्ज जरूर करा. मात्र हे पैसे येतात कुठून ते आधी समजून घ्या, कारण निम्मा अर्ज तिथेच सुटतो.

नोव्हेंबर २००८ मध्ये मिनेसोटाच्या मतदारांनी राज्यघटना दुरुस्त करून स्वतःवरचा विक्रीकर ३/८ टक्क्याने वाढवून घेतला. (घटनादुरुस्तीचा रकाना कोरा सोडला तर इथे ते मत ‘नाही’ धरतात. तरीही ५६ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. मला याचं अजून नवल वाटतं.) हा कर २००९ ते २०३४ असा पंचवीस वर्षांसाठी आहे. मोठा वाटा पाणी, जंगलं आणि उद्यानांना जातो. कला आणि सांस्कृतिक वारशाला १९.७५ टक्के. हजार डॉलरची पेटी घेतलीत तर पावणेचार डॉलर या करात गेले आणि त्यातले साधारण ७४ सेंट वारसा निधीत. साडी घेतलीत तर काहीच नाही, कपड्यांवर इथे विक्रीकर नाही. त्या ७४ सेंटमध्येही ग्रंथालयं, इतिहास संस्था, सार्वजनिक टीव्ही असे वाटेकरी आहेत. कलांच्या वाट्याचं येतं ते राज्य कला मंडळ आणि अकरा प्रादेशिक कौन्सिलांकडे. राज्याच्या ८७ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) या अकरांत वाटल्या आहेत. आपल्या कौन्सिलकडे सात: अनोका, कार्व्हर, डकोटा, हेनेपिन, रॅमसी, स्कॉट, वॉशिंग्टन. कौन्सिल म्हणजे सरकारी खातं नव्हे, ती ना-नफा संस्था आहे, आणि तिचा भर लहान-मध्यम गटांवर असतो. म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यांवर.

आता आमची फजिती. पहिल्या अर्जात मी तीन परिच्छेद खर्च केले ते मराठी रंगभूमीच्या थोरवीवर. १८४३, सांगली, विष्णुदास भावे, ‘सीता स्वयंवर’, सगळं. अर्ज नामंजूर. तेव्हा मनाला लागलं होतं. पुढे काही वर्षांनी मी स्वतः अशाच एका पॅनेलवर अर्ज वाचायला बसले आणि डोक्यात प्रकाश पडला. पॅनेलवर तुमच्या-माझ्यासारखेच रहिवासी असतात. माझ्या शेजारी शाळेत बँड शिकवणारे एक निवृत्त गृहस्थ होते. प्रत्येक अर्जावर ते पेन्सिलीने दोनच शब्द लिहीत: ‘कोण येणार?’ एका गटाने परंपरेवर पानभर लिहिलं होतं, पण कोणत्या गावात, किती लोकांसमोर, त्यांना कसं कळवणार, यावर अवाक्षर नाही. त्या गृहस्थांनी ते पान आमच्यासमोर धरलं आणि म्हणाले, वाचायला सुंदर आहे, पण यात माणसंच नाहीत. मला माझे भावे आठवले. पैसा मतदारांनी स्वतःवर कर लावून दिलेला, तेव्हा तो कोणत्या माणसांपर्यंत पोचणार हेच आधी बघितलं जातं.

आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेत परीक्षक प्रयोग बघून गुण देतात. इथे गुण पडतात ते पडदा उघडायच्या आधी, कागदावर. त्यामुळे नाटक कसं आहे यावर एक घट्ट परिच्छेद पुरे. बाकी सगळं: सातपैकी कोणत्या काउंटीत प्रयोग, मराठी न समजणारा प्रेक्षक कसा आणणार, तो आत आल्यावर त्याला कळणार कसं, व्हीलचेअरवरचा प्रेक्षक आत कसा येणार, आणि कामं कोण कोण करणार.

‘कळणार कसं’ला आमचं उत्तर होतं इंग्रजी उपशीर्षकं, रंगमंचाच्या वर प्रोजेक्टरने. अर्जात एक ओळ लिहून मोकळे होऊ नका, ते स्वतंत्र काम आहे. रंगीत तालमीला आमच्या मुलीने स्लाइड अर्धा सेकंद आधी दाबली, तर मागे बसलेली तीन अमेरिकन मंडळी नटाच्या आधी हसली आणि त्याचा हुकमी विनोद वाया गेला. मग विनोदाची ओळ दोन स्लाइडमध्ये तोडली, आणि स्लाइड दाबणाऱ्या माणसाला नटांसारखंच पहिल्या तालमीपासून बसवलं. त्याचं मानधन अंदाजपत्रकात धरा.

मानधनाचं बोलतेच. ‘सगळे हौशी, कोणी पैसे घेत नाही’ हे आपण अभिमानाने लिहितो. पॅनेलला त्यात त्याग दिसत नाही. कलाकाराला पैसे का देत नाही, हाच प्रश्न पडतो. थोडे का होईना, लिहा आणि द्या. कपडेपट, नेपथ्य, प्रकाशयोजना, हॉल, जाहिरात, सगळं वेगवेगळं दाखवा. मध्यंतरातला वडापाव मात्र अर्जात घुसडू नका, तो तिकिटांतून भागवा.

गणेशोत्सवाशी सांधा जोडलेला असेल तर तो सोडवून घ्या. धार्मिक कार्यक्रमाला हे पैसे चालत नाहीत. नाटकाची तारीख वेगळी, जागा वेगळी, आरती त्यात नाही, हे अर्जात सरळ दिसायला हवं. निधी जमवण्यासाठी केलेला प्रयोगही चालत नाही.

तुमचा गट नोंदणीकृत नाही असं दिसतंय. त्यासाठी थांबू नका. एखादी करमुक्त संस्था तुमची आर्थिक पालक होऊ शकते: पैसे तिच्या खात्यात येतात, ती थोडी टक्केवारी कापून घेते, हिशेब तिच्यामार्फत जातो. सेंट पॉलची ‘स्प्रिंगबोर्ड फॉर द आर्ट्स’ हे काम करते. आपल्या मराठी मंडळाला विचारलंत तरी चालेल, पण मग खर्चावर सही कुणाची हे आधी लेखी ठरवा. नात्यातली माणसं पैशांवरून दुरावलेली मी पाहिली आहेत.

आणि अर्ज भरण्याआधी कौन्सिलच्या कार्यक्रम अधिकाऱ्याशी फोनवर बोला. आपल्याला ‘साहेबांना कशाला त्रास’ असं वाटतं. पण तो त्यांच्या कामाचाच भाग आहे, आणि माझ्या मते चेकइतकाच तोही आधार आहे. दुसऱ्या वेळी आमचं अंदाजपत्रक त्या बाईंनी वीस मिनिटांत वाचून दाखवलं की आमची तिकीटविक्री हॉलच्या खुर्च्यांपेक्षा जास्त होती. आम्ही इंजिनिअर लोक!

मंजूर झालंच तर पत्रिकेवर छापायची एक ठरलेली ओळ असते. हा कार्यक्रम मिनेसोटाच्या मतदारांमुळे शक्य झाला, अशा अर्थाची, सोबत बोधचिन्ह. आम्ही पत्रिका छापून आणल्या आणि ती ओळ राहिलीच. प्रयोगाच्या आदल्या रात्री आमच्या तळघरात नायिकेपासून विंगेतल्या पोरापर्यंत सगळे मांडी घालून तीनशे स्टिकर चिकटवत बसलो होतो.

तुमचा मसुदा तयार झाला की मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. आधी ‘कोण येणार’ तेवढंच लिहून धाडलंत तरी बघून देईन.