पद्मिनीचं मॅटिंग फुगतंय? आधी नमदा काढून बघा

भाऊ, तुमचा प्रश्न असा : प्रीमियर पद्मिनी गाडीचा तळ नव्या पत्र्याने बांधला, रंगही झाला, पण साच्यातलं रबरी मॅटिंग मधल्या उंचवट्यावर फुगतं आणि दाराकडे कमी पडतं, मग सोल्यूशन (रबर चिकटवायचा गोंद) लावून सगळंच चिकटवून टाकायचं का?

सगळं चिकटवू नका. पाणी कुठून ना कुठून आत येतंच. मॅटिंग उचलता आलं नाही, तर ते पाणी वाळत नाही आणि नवा पत्रा खालून खात बसतं. त्यात आपल्याकडची काळी चिकण माती बुटांबरोबर आत येते, कोपऱ्यात बसते आणि ओल धरून ठेवते.

फुगण्याचं कारण बहुधा नमदा, म्हणजे मॅटिंगखाली घातलेला दाबलेल्या तंतूंचा जाड थर. साचा उघड्या पत्र्याच्या मापाचा असतो. उंचवट्यावर 10 मिमी नमदा घातला की उंचवटा तेवढाच वर येतो आणि मॅटिंग दोन्ही दारांकडे साधारण एकेक सेंटीमीटर आखडतं. उंचवट्यावर 3 मिमीचा पातळ फोम पुरतो. जाड थर फक्त सपाट भागात, तोही 6 मिमीपर्यंत, आणि पाणी न शोषणाऱ्या फोमचा. तागाचा नमदा स्वस्त पडतो, पण तो स्पंजासारखा पाणी पितो; नव्या पत्र्यावर तो घालूच नये. सायलेन्सरचा पाइप जिथून जातो तिथे मात्र फोम नको, ॲल्युमिनियमच्या पापुद्र्याचं उष्णतारोधक घाला.

नमदा काढल्यावर लगेच मॅटिंग टाकू नका. आधी समोरच्या काचेवर आणि दारांवर दहा मिनिटं पाण्याचा पाइप धरा, आत एकाला टॉर्च देऊन बसवा. काचेच्या रबराचे खालचे कोपरे आणि वायपरच्या दांड्याची भोकं, बहुतेक गळती तिथेच सापडते. तळाच्या भोकांतले रबरी बूच जागेवर आहेत का तेही बघा. आवाज दाबणारी डांबरी शीट लावणार असाल तर या बुचांवरून नेऊ नका.

मॅटिंग गुंडाळून आलं असेल तर त्याला वळण राहतं. उन्हात पालथं पसरा, मऊ पडलं की लगेच गाडीत घ्या. मे महिन्यात अर्धा तास पुष्कळ. बसवताना सुरुवात उंचवट्यापासून. मधली रेघ पत्र्यावर खडूने आखा, मॅटिंगची मधली रेघ तिच्यावर ठेवा, मग तळहाताने दाबत दारांकडे या. कडा आताच कापू नका. रात्रभर सीट तशीच वर ठेवून वजन द्या, दुसऱ्या दिवशी सिलच्या (दाराच्या उंबऱ्याच्या) पट्टीखाली 2 सेंमी जाईल एवढं ठेवून उरलेलं कापा.

सीटच्या बोल्टांसाठी खालून टोचा मारून जागा काढा. रबराला पंच चालतो. पुढेमागे कार्पेट घालणार असाल तर ड्रिल अजिबात नको: बिट धागा पकडतं आणि ओळच्या ओळ उसवत नेतं. तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने भोक पाडा, कडाही वितळून बंद होते.

सोल्यूशन फक्त उंचवट्याच्या वरच्या पट्ट्याला आणि पायांसमोरच्या तिरक्या पत्र्याला. दोन्ही बाजूंना पातळ हात, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. हे काम सकाळीच करा. दुपारच्या 40 अंशांत ते पसरवता पसरवताच सुकतं आणि नंतर पापुद्र्यासारखं सुटतं.

सगळ्यात महत्त्वाचं ॲक्सिलरेटर. एकाने पेडल पूर्ण दाबावं, दुसऱ्याने बॉनेट उघडून कार्ब्युरेटरची पाकळी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) पूर्ण उघडते का ते बघावं. जाड थरावर पेडल आधीच टेकलं तर पाकळी अर्धवट राहते, गाडी चढाला दम टाकते आणि मेकॅनिक उगाच कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बदलत बसतो. पूर्ण दाबलेल्या पेडलखाली बोटभर जागा हवीच. वरून सुटी मॅट टाकणार असाल तर तिला मागच्या बाजूला दोन हुक लावा. पुढे सरकून पेडलवर चढलेल्या मॅटमुळे ॲक्सिलरेटर अडकतो, तिथे हयगय नको.

पहिल्या मोठ्या पावसानंतर चारही कोपरे उचलून खाली हात फिरवा. ओल लागली तर मॅटिंग उलटून ठेवा आणि गळती शोधल्याशिवाय परत टाकू नका.