टाच, अंगठा आणि तळपायाची आग: आईंच्या पायदुखीविषयी

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आईंचे वय ६१, मधुमेहाला ९ वर्षे झालेली. चार महिन्यांपासून सकाळी पहिले पाऊल टेकताना उजवी टाच ठणकते आणि एक्स-रेमध्ये ‘टाचेचे हाड वाढले आहे’ असे निघाले. मध्यंतरी दोन वेळा त्याच पायाचा अंगठा लाल होऊन सुजला, युरिक ॲसिड ७.४ आले, म्हणून घरात डाळ, पालक आणि टोमॅटो बंद झाले. रात्री दोन्ही तळपायांची आग होते आणि त्यासाठी त्या मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय बुडवून बसतात. हे सगळे एकच दुखणे आहे का आणि टाचेत इंजेक्शन घ्यावे का, असे आपण विचारले आहे. मी गेली २२ वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत पाय दुखणारे पुष्कळ असतात. आपल्या वर्णनावरून मला ही एकाच व्यक्तीची तीन निरनिराळी दुखणी वाटतात, आणि त्यांपैकी जे सर्वांत कमी दुखते आहे त्याचीच मला अधिक काळजी वाटते.

पायाच्या दुखण्यात दोन गोष्टी नीट विचारल्या, तर निदानाचा मोठा भाग तिथेच होतो. पहिली म्हणजे एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा कोणती, आणि दुसरी म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळी, काय केल्यावर दुखते. ‘पाय दुखतात’ एवढ्यावर वेदनाशामक गोळी मिळते, पण उपचार ठरत नाही. म्हणून मी जागेप्रमाणे लिहिते.

टाचेपासून सुरुवात करू. रात्रभराच्या विश्रांतीनंतर पहिली काही पावले असह्य, थोडे चालल्यावर बरे, आणि दिवसभर ओट्याशी उभे राहिले की संध्याकाळी पुन्हा ठणका, हे वर्णन प्लान्टर फॅशियाच्या दुखण्याचे आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो आणि तो पायाची कमान तोलून धरतो. टाचेला तो जिथे चिकटतो तिथे, म्हणजे टाचेच्या तळाशी किंचित पुढे आणि आतल्या बाजूला, वर्षानुवर्षांच्या ताणाने त्याचे तंतू झिजतात. वाढलेले वजन, आखडलेली पोटरी, तासन्‌तास उभे राहण्याचे काम आणि फरशीवर अनवाणी वावर ही त्याची नेहमीची कारणे. एक्स-रेत दिसणारे ‘वाढलेले हाड’ हे या दुखण्याचे मूळ नाही. ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा अनेकांच्या एक्स-रेत ते सापडते आणि टाच दुखणाऱ्या कित्येकांत ते नसते. ते हाड कापून काढावे लागेल ही भीती आईंच्या मनातून कृपया आधी काढून टाका, कारण त्या भीतीने माणसे चालणेच सोडतात आणि पोटरी अधिकच आखडते.

या दुखण्याचा खरा उपचार कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. सकाळी पलंगावरून उतरण्याआधीच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा आणि हाताने पाचही बोटे नडगीच्या दिशेने मागे ओढावीत. तळव्यातला पट्टा तारेसारखा ताणलेला दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला जाणवला पाहिजे. दहा अंक मोजेपर्यंत धरावे, सोडावे, असे दहा वेळा करावे आणि दिवसातून तीनदा करावे. त्याच्या जोडीला भिंतीला हात टेकून, मागच्या पायाचा गुडघा ताठ आणि टाच जमिनीला टेकलेली ठेवून पोटरीला अर्धा मिनिट ताण द्यावा. दोन-तीन आठवड्यांनी दुखणे थोडे उतरले की पायरीच्या कडेवर चवडा ठेवून, बोटांखाली पंचाची गुंडाळी घेऊन, कठड्याला धरून टाचा अगदी सावकाश वर-खाली कराव्यात, तेही एक दिवसाआड. घरातही पायात चप्पल हवी, टाचेखाली मऊ आणि चवड्यापेक्षा किंचित उंच. कोल्हापुरी चप्पल दिसायला कितीही सुंदर असली तरी तिचा तळ सपाट आणि कडक असतो, तेव्हा हे दुखणे असेपर्यंत ती बाजूला ठेवावी. बहुतेकांचे दुखणे शस्त्रक्रियेवाचून जाते, मात्र त्याला कित्येक महिने, कधी वर्षही लागते, आणि पंधरा दिवसांत फरक पडला नाही म्हणून व्यायाम सोडणारे लोक मी फार पाहिले आहेत.

इंजेक्शनविषयी माझे मत स्पष्ट आहे. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो हे खरे, परंतु त्याने तो पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी विरघळण्याचा धोका असतो, आणि मधुमेही व्यक्तीची साखर त्यानंतर काही दिवस चढलेली राहते. चार महिन्यांत ताणाचे व्यायाम नीट झालेच नसतील, तर इंजेक्शनाचा विचार आज करू नये. एक चाचणी मात्र घरी करून पाहावी. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांमध्ये धरून दाबल्यावर, तळाशी दाबल्यावर येते त्यापेक्षा अधिक कळ आली, तर टाचेच्या हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते आणि तिथे व्यायाम नव्हे, विश्रांती व तपासणी हवी. त्याचप्रमाणे एखाद्या तरुणाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही अर्धा-पाऊण तास आखडत असेल, तर त्याने संधिवाततज्ज्ञांना भेटले पाहिजे.

आता अंगठा. मध्यरात्री किंवा पहाटे अचानक सुरू होणारे, काही तासांत टोकाला पोचणारे, सांधा लालबुंद करणारे आणि चादरीचा स्पर्शही सहन होऊ न देणारे दुखणे बहुधा गाउटचे असते आणि औषध न घेताही ते आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. रक्तातले युरिक ॲसिड साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात जमू शकतात, आणि पायाचा अंगठा शरीराच्या मानाने थंड असल्याने तिथे ते लवकर जमतात. तरीही केवळ आकड्यावरून निदान करू नये. युरिक ॲसिड वाढलेल्या पुष्कळ लोकांना कधीच गाउट होत नाही, आणि उलट ऐन झटक्यात तपासले तर आकडा कधी कधी सर्वसाधारण येतो, म्हणून झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. सांध्यातले पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसणे हा सर्वांत खात्रीचा पुरावा.

डाळ बंद करण्याचे कारण नाही. डाळी, पालक, मटार यांतल्या प्युरीनमुळे (शरीरात याचेच युरिक ॲसिड बनते) गाउटचा धोका वाढत असल्याचे दिसत नाही, आणि मधुमेही शाकाहारी स्त्रीच्या ताटातून डाळ काढणे म्हणजे तिची प्रथिने काढून घेणे होय. टोमॅटोने त्रास होतो असे ज्याला स्वतःच्या अनुभवाने जाणवते त्याने तो टाळावा, सर्वांनी नव्हे. सांभाळायचे असेल तर मद्य, विशेषतः बियर, साखर घातलेली शीतपेये, मटण, कलेजी, वजरी आणि तारली-बांगड्यासारखी मासळी यांचे प्रमाण सांभाळावे. आईंना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयासाठी कमी मात्रेची ॲस्पिरिन चालू आहे का, हेही पाहा, कारण या दोन्हींनी युरिक ॲसिड वाढते. त्या गोळ्या आपण होऊन मात्र बंद करू नयेत. पर्याय डॉक्टरच सुचवतील.

औषधांचा निर्णय डॉक्टरांचा आहे, पण त्यामागचे सूत्र ठाऊक असलेले बरे. झटक्यात दाहशामक गोळ्या, कमी मात्रेतले कोल्चिसिन किंवा थोड्या दिवसांचे स्टेरॉइड वापरतात, आणि यांपैकी काय द्यायचे ते मूत्रपिंडाच्या स्थितीवर ठरते, म्हणून क्रिएटिनिन तपासल्याशिवाय दुकानातून वेदनाशामक आणून देऊ नये. झटके वारंवार येत असतील तर ॲलोप्युरिनॉलसारखे औषध लहान मात्रेने सुरू करून युरिक ॲसिड ६ च्या खाली येईपर्यंत हळूहळू वाढवतात आणि पुढे ते चालूच ठेवावे लागते. कुणी कळलावीचा कंद गावठी औषध म्हणून सुचवला तर कदापि घेऊ नये. त्यात कोल्चिसिनच असते, पण किती ते कुणालाच कळत नाही, आणि त्याच्या विषबाधेने माणसे दगावतात.

अंगठ्याचे प्रत्येक दुखणे गाउटचे नसते, हे जाता जाता सांगते. सांधा झिजून ताठर झाला असेल तर चढावर चालताना आणि उकिडवे बसताना अंगठा वाकत नाही. तिथे कडक तळाचे बूट उपयोगी पडतात. अंगठा करंगळीकडे कलून मुळाशी गाठ आली असेल तर पुढून रुंद पादत्राणे हाच पहिला उपाय. बाजारातल्या पट्ट्यांनी हाड सरळ होत नाही, आणि शस्त्रक्रिया दुखत असेल तरच करावी, दिसण्यासाठी नव्हे. नख मांसात रुतले असेल तर कोपरे खोल कापल्याने ते पुन्हा पुन्हा रुतते. नखे सरळ रेषेत कापावीत.

चवडा दुखत असेल तर कारणे निराळी. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये खडा टोचल्यासारखे वाटून बोटांत झिणझिण्या येत असतील आणि बूट काढताच बरे वाटत असेल, तर तिथली नस जाड होऊन दबलेली असते. रुंद बूट आणि चवड्याच्या किंचित मागे बसवलेली गादी यांनी बहुतेकांचे भागते. पोलीस भरतीच्या धावण्याची तयारी अचानक डांबरी रस्त्यावर सुरू करणाऱ्या मुला-मुलींत मात्र चवड्यामागच्या लांब हाडांना चीर पडते. नेमक्या एका बिंदूवर दाबल्यावर कळ येते, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. ‘एक्स-रेत काही नाही’ असे ऐकून ती मुले पुन्हा धावतात आणि हाड पुरते मोडून घेतात, याचे मला फार वाईट वाटते. सहा ते आठ आठवडे धावणे थांबवले तर बहुतेकांचे हाड सांधते.

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या हा बुरशीचा संसर्ग असतो. पाय कोरडे ठेवून क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिनचे मलम लावावे आणि बरे वाटल्यावरही काही दिवस चालू ठेवावे. दुकानदार देतात ती स्टेरॉइड मिसळलेली मलमे लावू नयेत. खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी पसरते. मधुमेहींच्या चिखल्यांना मी किरकोळ मानत नाही, कारण त्या फुटलेल्या कातडीतूनच जंतू आत शिरतात.

आणि आता तळपायांची आग. ही मधुमेहाने नसांवर केलेल्या परिणामाची खूण असण्याची दाट शक्यता आहे. अशा पायात आग आणि बधिरपणा एकत्र नांदतात; रात्री पाय पेटल्यासारखे वाटतात आणि त्याच पायाला टाचणी टोचलेली कळत नाही. माझ्याकडे टाचेच्या व्यायामासाठी येणारे एक गृहस्थ रोज संध्याकाळी असेच गरम पाणी घेऊन बसत. पाणी किती तापले आहे हे त्यांच्या पायांना कळले नाही; दोन्ही चवड्यांवर फोड आले, एक जखम चिघळली आणि शेवटी दोन बोटे काढावी लागली. ते फोड आधी त्यांच्या पत्नीला दिसले, त्यांना स्वतःला दुखले नव्हते. वेदना नसलेला पाय किती असुरक्षित असतो, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या सेवेत दाखवून दिले होते: बोटे रोगाने गळून पडत नव्हती, न जाणवलेल्या जखमांनी जात होती. मधुमेहाच्या पायाला तेच लागू पडते, आणि कुष्ठरुग्णांना दिल्या जाणाऱ्या मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या) तळाच्या चपला आज मधुमेहींनाही सुचवल्या जातात.

म्हणून गरम पाणी आजपासूनच बंद करावे. गरम पिशवी, बर्फाची बाटली, कुरूप काढण्याच्या औषधी पट्ट्या आणि ब्लेडने घट्टे तासणे हेही आईंना वर्ज्य समजावे. जोडवी घट्ट झाली असतील तर सैल करून घ्यावीत किंवा काढून ठेवावीत, कारण पाय सुजला की ती बोटात रुततात. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा नको. रोज रात्री उजेडात तळवे आणि बेचके पाहावेत, त्यांना वाकता येत नसेल तर आपण पाहावेत, आणि भेगांवर साधे व्हॅसलिन किंवा युरियायुक्त मलम लावावे, मात्र बोटांच्या बेचक्यात नाही. फोड, जखम किंवा काळपट डाग दिसला तर त्याच दिवशी दाखवावे.

आणखी एक गोष्ट आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. बधिर झालेला मधुमेही पाय लाल, गरम आणि सुजलेला दिसावा, पण त्या मानाने फारसा दुखू नये, असे झाले तर ते गाउट नसून शार्को नावाचा हाडांचा विकार असू शकतो, आणि त्यात चालत राहिल्याने पायाची कमानच कोसळते. आईंचा अंगठा सुजला तेव्हा तो किती दुखला, हे त्यांना नीट विचारा. चादर सहन होत नव्हती असे त्या म्हणाल्या तर गाउटकडे कल जातो. ‘सुजला होता, पण चालता येत होते’ असे म्हणाल्या तर पायावर भार न देता लवकर तपासून घ्यावे.

या आठवड्यात आईंना डॉक्टरांकडे नेताना पायाची १० ग्रॅम मोनोफिलामेंटची चाचणी (नायलॉनच्या बारीक तंतूचा स्पर्श कळतो का ते पाहणारी), कंपन जाणवण्याची चाचणी आणि पावलावरील नाडी तपासण्याची विनंती करा. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी पुष्कळ वर्षे चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व अवश्य पाहा. त्याच्या कमतरतेनेही तळपायांची अशीच आग होते आणि ती भरून काढता येते. क्रिएटिनिन, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि युरिक ॲसिड एकाच रक्तनमुन्यात होतील. हे अहवाल, चालू गोळ्यांची नावे आणि अंगठ्याच्या सुजेविषयी आई काय म्हणाल्या ते कळवलेत, तर टाचेच्या व्यायामांत कोणता कधी वाढवायचा हे मी त्यांच्या पायाला अनुसरून लिहीन.