मैत्रिणीचं पुस्तक आणि पाच स्टार

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की जे लेखक प्रकाशकाशिवाय, पदरमोड करून स्वतःचं पुस्तक काढतात त्यांची पुस्तकं घ्या, वाचा, आणि वाचून झालं की कुठेतरी त्याबद्दल लिहा. त्यावर खूप पत्रं आली, काही वाचकांची, काही अशा लेखकांची, आणि जवळपास प्रत्येक पत्रात फिरून फिरून तोच पेच आहे की खरं लिहायचं की गोड लिहायचं. म्हणून यावेळचं सगळं सदर याच विषयाला.

प्रश्न : ताई, माझ्या जिवलग मैत्रिणीने कादंबरी स्वतः पब्लिश केलीये. गोष्ट चांगली आहे पण शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, आणि मधेच एका पात्राचं नावच बदलतं. ती रोज विचारते, ॲमेझॉनवर रिव्ह्यू टाकलास का? पाच स्टार देऊन मोकळी होऊ का?

नको गं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे अगदी लागू पडतं, कारण हे पाच स्टार शेवटी तुझ्या मैत्रिणीलाच महागात पडतील. तुझ्या पाच स्टारवर विश्वास ठेवून कुणी अनोळखी माणूस पुस्तक घेणार, त्याला पहिल्या दहा पानांत चुका दिसणार, आणि मग तो जे चिडून लिहील ते तुला पुसता येणार नाही. शिवाय ॲमेझॉनच्या नियमांत लेखकाच्या घरच्यांनी आणि जवळच्या मित्रमैत्रिणींनी रिव्ह्यू लिहिलेला चालत नाही, सापडला तर काढून टाकतात. तेव्हा तिला सरळ हेच सांग, ते खरंही आहे आणि तुझी सुटकाही होईल.

पण एवढं सांगून थांबू नकोस. तुझ्या हातात रिव्ह्यूपेक्षा जास्त उपयोगी गोष्ट आहे, ती म्हणजे चुकांची यादी. पेन्सिल घेऊन पुस्तक परत वाच आणि लिहून काढ : प्रकरण ३, पान ४१, दुसरा परिच्छेद, "पाणि" ऐवजी "पाणी". प्रकरण ११, इथे मावशीचं नाव सुलभा आहे, प्रकरण ४ मध्ये ती सुलोचना होती. प्रकरण १४, आदल्या रात्री अमावस्या म्हटलंय आणि इथे टिपूर चांदणं. नुसतं "प्रूफरीडिंग कमी पडलंय" म्हटलं की माणूस दुखावतो आणि करायचं काय हेही त्याला कळत नाही, यादी मिळाली की तो कामाला लागतो. आणि स्वतः प्रकाशित करण्यातली खरी सोय ही आहे की ई-बुकची दुरुस्त फाइल परत अपलोड करता येते, छपाई मागणीनुसार होत असेल तर पुढची प्रत दुरुस्त होऊनच निघते, गोदामात चुकीच्या प्रतींचे गठ्ठे पडलेले नसतात. एक मात्र कर, यादी फक्त तिलाच पाठव, चार जणांच्या ग्रुपवर टाकू नकोस.

पुस्तकाबद्दल चांगलं बोलायचंय ना, मग स्वतःच्या फेसबुकवर, व्हॉट्सॲपवर बोल, पहिल्याच वाक्यात "ही माझी मैत्रीण आहे" असं सांगून. ते वाचणारे तुला ओळखतात, तुझ्या शब्दाचं वजन किती धरायचं ते त्यांचं ते ठरवतील.

प्रश्न : मी स्वतः कथा लिहितो, छोटा ब्लॉगही आहे, आणि नव्या लेखकांची पुस्तकं वाचून तिथे लिहितो. आता एका लेखकांच्या ग्रुपमध्ये घेतलंय, तिथे पद्धत अशी की तू माझ्या पुस्तकाला पाच स्टार दे, मी तुझ्या देतो. सगळेच करतात म्हणे. करावं का?

करू नका. एकमेकांना सांभाळून घ्यायची इच्छा मला कळते, प्रकाशक पाठीशी नाही, जाहिरातीला पैसे नाहीत, मग आपणच आपल्याला हात दिला तर काय बिघडलं असं वाटतं. पण अशी अदलाबदल ॲमेझॉन रिव्ह्यूतली गडबडच धरतं, एका फटक्यात सगळे रिव्ह्यू उडवतात आणि त्यात मेहनतीने मिळालेले खरे रिव्ह्यूही कधीकधी जातात. अमेरिकेत तर ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या रिव्ह्यूंची खरेदी-विक्री रोखणारा सरकारी नियमच लागू झालाय, दंडासकट.

हा मोह काही आजचा नाही हो. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने १८५५ मध्ये आपला कवितासंग्रह स्वखर्चाने काढला, काही पानांचे छपाईचे खिळे (म्हणजे अक्षरांचे ठसे) म्हणे स्वतः जुळवले, आणि मग त्याच संग्रहावर निनावी परीक्षणंही स्वतःच लिहून छापून आणली. एवढा मोठा कवी! पण तो संग्रह आजवर टिकला तो त्या परीक्षणांमुळे नाही, कवितांमुळे.

मग करायचं काय? ग्रुप सोडू नका, पद्धत बदला. ज्याचं पुस्तक तुम्ही वाचता त्याने तुमचं वाचायचंच असं बंधन नको. ज्याला ज्या प्रकारचं वाचायला मनापासून आवडतं त्याने तेच उचलावं, नाही आवडलं तर न लिहिण्याची मोकळीक असावी, आणि लिहिलंच तर जे वाटलं ते. पुस्तक फुकट मिळालेलं असेल तर तसं स्पष्ट लिहा, प्रकाशनाआधी फुकट प्रत देणं-घेणं चालतं, त्या बदल्यात चांगलंच लिही अशी अट चालत नाही. तुमचा ब्लॉग तर तुमचा स्वतःचाच आहे, तिथे सविस्तर लिहा, उतारा द्या, लेखकाला चार प्रश्न विचारून मुलाखत छापा. दुकानाच्या पानावरच्या स्टारपेक्षा एखाद्याने बारकाईने वाचून लिहिलेला लेख लेखकाला कितीतरी जास्त पुरतो, हे मी अनेक लेखकांच्या तोंडून ऐकलंय.

प्रश्न : मला पुस्तक बरं वाटलं म्हणून ३ स्टार दिले तर लेखिकेचा नाराजीचा मेसेज आला. ३ म्हणजे वाईट का?

तुम्ही कुठे दिले त्यावर आहे! गुडरीड्सवर (वाचक आपली पुस्तकं आणि मतं नोंदवतात ती वेबसाइट) ३ स्टारचा अर्थ "आवडलं" असाच आहे, २ म्हणजे ठीक होतं, ५ म्हणजे अफाट. ॲमेझॉनवर मात्र १ ते ३ स्टारचे रिव्ह्यू टीकेच्या गटात जातात आणि ४-५ चे कौतुकाच्या. म्हणजे तुम्ही एकच मत दोन्हीकडे दिलंत तर एकीकडे ती शाबासकी आणि दुसरीकडे फटका. लेखिकेने मेसेज करायला नको होता हे माझं ठाम मत आहे, वाचकाला जाब विचारायचा नसतो, पण तिला धस्स का झालं ते यातून कळेल.

आणि स्टारखाली दोन ओळी लिहाच. "छान पुस्तक, नक्की वाचा" याचा कुणालाच उपयोग नाही. त्याऐवजी असं काहीतरी बघा : "पहिली ६० पानं संथ आहेत, पण सासूबाई दवाखान्यात ॲडमिट होतात तिथून पुस्तक हातातून सुटत नाही. शेवट घाईत उरकलाय. एकत्र कुटुंबातल्या आतल्या कुरबुरी वाचायला आवडत असतील तर जरूर घ्या, रहस्यकथा म्हणून घ्याल तर निराशा होईल." यात टीका आहे, तरी हे वाचून योग्य तो वाचक पुस्तक घेणार आणि ज्याच्यासाठी ते नाहीच तो आधीच बाजूला होणार, त्यामुळे चिडून १ स्टार देणारा एक कमी झाला. असे ३ स्टार मला तोंडदेखल्या ५ पेक्षा हजारपट मोलाचे वाटतात.

प्रश्न : प्रत्येक पुस्तक विकत घेणं जमत नाही. किंडल अनलिमिटेडवर वाचलं तर लेखकाला काही मिळतं का?

मिळतं. किंडल अनलिमिटेड म्हणजे वर्गणी भरून ई-बुकं वाचायची ॲमेझॉनची योजना, आणि जुलै २०१५ पासून तिथे वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे देतात. ॲमेझॉन दर महिन्याला एक निधी ठरवतं आणि त्यातून पानामागे काहीतरी अगदी छोटी रक्कम लेखकाला जाते, तुम्ही एखादं पान पहिल्यांदा वाचता तेव्हाच, परत वाचलं तर नाही. म्हणजे पुस्तक नुसतं उतरवून ठेवलंत तर लेखकाच्या हाती काही नाही, वाचलंत तरच. आणि नेट बंद ठेवून वाचत असाल तर नंतर एकदा नेट सुरू करा, त्याशिवाय ती पानं मोजणीत जातच नाहीत.

यातली एक गोष्ट वाचकांना सहसा ठाऊक नसते. पुस्तक तिथे ठेवायचं तर लेखकाला एका वेळी ९० दिवस ते ई-बुक दुसऱ्या कुठल्या दुकानात न विकण्याचं कबूल करावं लागतं (छापील आवृत्तीला हे बंधन नाही). त्यामुळे "तुमचं पुस्तक अमुक ॲपवर का नाही" म्हणून लेखकावर रागावू नका. ॲमेझॉनवर विकत घेतलेल्या ई-बुकवर किमतीच्या एका ठरावीक पट्ट्यात ७० टक्के आणि त्याबाहेर ३५ टक्के रॉयल्टी असते, छापील पुस्तकात छपाईचा खर्च लेखकाच्या वाट्यातून जातो, म्हणून दिसायला महाग असलेल्या छापील प्रतीतून त्याला कधीकधी ई-बुकपेक्षा कमी मिळतं.

एकही पैसा न घालवता करण्यासारखंही बरंच आहे. लायब्ररीत पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) लिहून मागणी नोंदवा, वाचकाने मागितलंय म्हटल्यावर ग्रंथपाल निदान विचार तरी करतात. गुडरीड्सवर "वाचायचंय" मध्ये टाका, तुमच्या ओळखीच्यांना ते दिसतं. फक्त कुणी पीडीएफ पाठवली तर ती पुढे ढकलू नका. "लेखकाचा प्रचारच होतोय" असं म्हणणारे भेटतात मला, अजिबात पटत नाही. प्रचार कसा करायचा ते लेखकाला ठरवू द्या ना, फुकट द्यायचं असेल तर तो स्वतः देईल.

प्रश्न : स्पष्ट विचारतो, प्रकाशकांनी नाकारलेलं तेच लोक स्वतः छापतात ना? मग दर्जा कसा असणार?

काहींचा नसतो, तुमचं बरोबर आहे. संपादकाची कात्री न लागलेली, चारशे पानांची, खरं तर दीडशेत मावणारी पुस्तकं मीही वाचलीत. पण नाकारलं म्हणजे वाईट हे काही खरं नाही. इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिनची पहिली कादंबरी १८११ मध्ये तिच्याच जोखमीवर निघाली, तोटा झाला असता तर तो तिने सोसायचा होता. फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्तला प्रकाशकांनी परत पाठवलं तेव्हा १९१३ मध्ये त्याने आपल्या महाकादंबरीचा पहिला भाग पदरचे पैसे देऊन काढला. आज स्वतः छापणाऱ्यांमध्ये असेही आहेत ज्यांनी प्रकाशकाकडे पाठवलंच नाही, कारण विषय इतका छोटा की प्रकाशकाला परवडणार नाही, किंवा त्यांना हक्क स्वतःकडेच ठेवायचे असतात.

तुम्हाला भीती असेल तर नमुना वाचा. बहुतेक ई-बुकची सुरुवातीची पानं फुकट बघता येतात. मी तिथे संवाद बघते. दोन माणसं बोलताना कोण बोलतंय हे नाव न वाचता कळतंय का? कळत असेल तर बाकी चुका मी पोटात घालते.

प्रश्न : (एका नवलेखिकेकडून) तुमच्यासारख्यांना पुस्तक वाचायची विनंती कशी करावी? उत्तरच येत नाही कुणाचं.

थोडक्यात लिहा. पुस्तक कशाबद्दल आहे ते तीन वाक्यांत, प्रकार, पानं किती, कुठल्या फॉरमॅटमध्ये देऊ शकता, बस. न विचारता अख्खी फाइल जोडून पाठवू नका, एकच मेल पन्नास जणांना तर नकोच नको. समोरचा काय वाचतो ते आधी बघा, मी भयकथा वाचत नाही तरी दर महिन्याला भयकथा येतात. "तुम्ही अमक्या पुस्तकाबद्दल लिहिलंत ते वाचलं, माझंही त्याच वळणाचं आहे" एवढं एक वाक्य असलं तरी मी तो मेल उघडा ठेवते. आणि महिनाभर वाट बघा, वाचायला वेळ लागतो. एकदा आठवण केलेली मला चालते, दुसऱ्यांदा नको, तोवर दुसऱ्या कुणाला तरी लिहा.