पंचगंगेचं पाणी तपासताना
खतातलं नत्र (नायट्रोजन) नदीत किती उतरतं हे बघायचं, तर उसाच्या रानातून येणारा ओढा नदीला जिथे मिळतो, त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला एकाच दिवशी नमुने घ्या. नुसता खालचा आकडा काहीच सिद्ध करत नाही. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणून खत टाकल्यानंतरचा पहिला मोठा पाऊस मुळीच चुकवू नका. बाटली नदीच्याच पाण्याने तीनदा विसळा. साबणाने नको, त्यात फॉस्फेट असेल तर नमुन्यातल्या फॉस्फेटचा आकडा फुगतो. नमुना बर्फात ठेवा, ४८ तासांत तपासा. किट ‘नायट्रेट-नायट्रोजन’ (म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नत्राचं वजन) दाखवत असेल तर ४.४३ ने गुणा, मगच पिण्याच्या पाण्यातल्या पूर्ण नायट्रेटच्या ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर मर्यादेशी ताडून बघा. इथेच बहुतेक जण फसतात! विरघळलेला प्राणवायू मात्र पहाटे, नदीकाठीच मोजा. दुपारी शेवाळ तो वाढवून दाखवतं.