वडिलांची जुनी कॉन्टेसा घरीच रिस्टोअर करून तिची मसल कार करता येईल का?

करता येईल, आणि घरीच करा. फक्त मसल कारची ओळख असलेलं मोठं, ताकदवान इंजिन टाकायचा बेत आधी बाजूला ठेवा.

तुम्ही लिहिलंय की १९९३ ची कॉन्टेसा क्लासिक, १.८ पेट्रोल, नागपुरात मानेवाड्याला घराशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी आहे. इंजिन हाताने फिरतं, पण सुरू होत नाही. खालून गंज दिसतो. तुम्हाला तिच्यात जपानी सहा सिलेंडरचं इंजिन, रुंद टायर आणि दणदणीत आवाजाचा सायलेन्सर हवाय. बजेट सध्या दोन लाख, सुरुवात कुठून करू?

इंजिनाचंच आधी बोलतो, कारण सगळं गाडं तिथेच अडतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा आरसीवरची माहिती वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे अगदी स्पष्ट केलंय. इंजिन खराब झालं तर त्याच प्रकारचं दुसरं इंजिन आरटीओच्या परवानगीने बसवता येतं. दुसऱ्याच कंपनीचं दुप्पट ताकदीचं इंजिन टाकलं, तर रजिस्ट्रेशन नूतनीकरणाच्या वेळी अडकाल. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही अडकाल. रंग बदलला तरी आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी माझं मत तेच आहे. १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ, जिच्यापासून अमेरिकेतला मसल कारचा जमाना सुरू झाला असं मानतात, तिच्यात ६.४ लिटरचं व्ही-एट होतं, ३२५ हॉर्सपॉवरचं. आणि ब्रेक? चारही चाकांना ड्रम. ताकद आधी आणि थांबणं नंतर, हा उलटा क्रम तेव्हा डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांनी लावला आणि लोकांनी तो जिवावर भोगला. आपण तो नागपुरात कशाला गिरवायचा? तुमच्या इसुझू इंजिनात ८८ हॉर्सपॉवर आहेत. सुरुवातीच्या कॉन्टेसांना अॅम्बेसेडरचं दीड लिटरचं, जेमतेम ५० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. म्हणजे तुमच्याकडे कॉन्टेसातली चांगली आवृत्तीच आहे. हे ८८ पूर्ण मिळाले, गाडी सरळ रेषेत थांबली आणि मे महिन्यात व्हरायटी चौकातल्या सिग्नलला तापली नाही, तर ती गाडी चालवायला जी मजा येते ती इंजिन अर्धवट बदललेल्या गाडीत नाही.

आता कामाला लागू. पान्याला हात लावण्याआधी कागद बघा. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे तुमचं २००८ मध्ये संपलं असणार, त्यानंतर वडिलांनी कितीदा वाढवलं ते आरसीवर दिसेल. २० वर्षांवरच्या कारसाठी नूतनीकरणाचं शुल्क २०२५ मध्ये १० हजार रुपये झालंय, वर पर्यावरण कर वेगळा. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून स्वतंत्र व्हिंटेज नोंदणी आहे, पण तुमची गाडी त्यात बसायला अजून बराच अवकाश आहे. चेसिस नंबर कुठे ठोकलाय ते शोधा, मऊ ब्रशने धूळ काढा, कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या. आरसीशी जुळवा. मग त्या जागेवर मास्किंग टेप लावा आणि डेंटर-पेंटर कोणीही आला तरी तिथे ग्राइंडर फिरणार नाही हे स्वतः बघा. नंबर पुसट झालेली गाडी कितीही देखणी झाली तरी रस्त्यावर आणता येत नाही.

दुसरं, पत्रा. खरा खर्च इथेच आहे. कॉन्टेसाला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. त्यामुळे दारांखालची लांब पट्टी, जिला आपल्याकडचे डेंटर रनिंग बोर्ड म्हणतात, ती म्हणजे या गाडीचं जोतं आहे. ती सडली असेल तर वरचा पेंट किती चकाकतो याला अर्थ नाही. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सगळ्या बॉडीवरून फिरवा, जिथे धरत नाही तिथे आत पुट्टी आहे. मग जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन खालून टोचा: पट्टी, पायाखालचा फ्लोअर, चाकांच्या कमानी, डिकीत स्टेपनीचा खड्डा, पुढच्या काचेचा खालचा कोपरा. टोक आत गेलं की तिथे खडूने गोल करा.

पट्टी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या पाइपचा टेका वेल्ड करून घ्या, नाहीतर गाडी मधून बसते आणि दारं पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. एका वेळी एकच बाजू कापा. २० गेजचा पत्रा बहुतेक पॅनेलना चालतो, पट्टीला १८ गेज. गॅस वेल्डिंग नको, पत्रा लाटा खातो. सीओटू वेल्डिंगवाला घरी बोलवा आणि त्याला सलग रेघ ओढू देऊ नका. एक टाका इथे, पुढचा वीतभर दूर, तोवर पहिला थंड. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी आधी काढा. पेट्रोलची टाकी गाडीतून काढून लांब ठेवा. अंगणात पाण्याची बादली आणि एबीसी पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर, दोन्ही हवेत. आणि गाडीखाली जायचं तर स्टँडवर, विटांवर कधीच नाही. वीट इशारा न देता फुटते.

इंजिन सुरू होत नाही म्हणजे ते गेलंच असं धरू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून रात्रभर राहू द्या, मग हाताने फिरवा. नवीन तेल घाला, स्टार्टरने ऑइल प्रेशर येईपर्यंत फिरवा, मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, तपासा. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, चारही सिलेंडर एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा पडलेला असेल तर त्यात थोडं तेल टाकून परत मोजा. वाढला तर रिंग खराब, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. एवढी तपासणी केल्याशिवाय इंजिन खोलायला देऊ नका. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे जुनं दीड लिटरचं इंजिन असेल, तर हेड उतरलंच आहे तेव्हा एक्झॉस्टला कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. ते इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या जमान्यातलं आहे आणि ते पेट्रोल देशातून फेब्रुवारी २००० मध्ये बंद झालं.

पेट्रोलवर जरा थांबतो, कारण जुन्या गाड्यांना आज सगळ्यात जास्त त्रास तिथूनच होतोय. पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल आहे. १९९३ चे रबरी पाइप, फ्युएल पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं या मिश्रणासाठी बनलेली नाहीत. ती फुगतात, मऊ होतात, आणि गरम एक्झॉस्टवर पेट्रोल टपकणं म्हणजे आगच. टाकीतला जुना चिकट थरही इथेनॉल सोडवतं आणि तो सगळा कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, येऊन बसतो. म्हणून टाकी आतून साफ करा, इथेनॉल चालणाऱ्या व्हायटॉन रबराचे पाइप आणि पडदे घ्या, पंपाआधी पारदर्शक फिल्टर लावा. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, तेव्हा मेन जेट एखादा नंबर मोठा लागू शकतो. चालवून प्लगचा रंग बघा: अगदी पांढरा आला तर पेट्रोल कमी पडतंय.

आणि आपलं ऊन. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदलं गेलं होतं. अशा हवेत बॉनेटखाली पेट्रोल गाडीच्या फ्युएल पंपातच उकळतं, गाडी सिग्नलला बंद पडते आणि अर्धा तास सुरू होत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवायची जुनी युक्ती चालते, पण ती घरी पोहोचण्यापुरती. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये बेकेलाइटचा जाड स्पेसर, एक्झॉस्ट आणि पंपाच्या मध्ये पत्र्याची आड, पेट्रोलची लाइन इंजिनापासून दूर, असं केलं तर उन्हाळा निघतो. इलेक्ट्रिक पंप लावायचा तर कार्बोरेटरसाठीचा कमी प्रेशरचा लावा, तोही मागे टाकीजवळ. इंजेक्शनच्या गाडीतला पंप लावला तर तो कार्बोरेटरमधला सुईचा व्हॉल्व्ह उचलून पेट्रोल बाहेर ओततो.

तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल, “भाऊ, थर्मोस्टॅट काढून फेका, गाडी थंडी राहते.” ऐकू नका. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप, नसला की थंडीत इंजिन तापमानाला येत नाही, झीज वाढते आणि खरा दोष झाकला जातो. तो काढा, दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, थर्मामीटर धरून गॅसवर तापवा. ८२ च्या आसपास झडप हलायला लागली आणि पुढे पूर्ण उघडली तर तो ठीक आहे, तसाच परत बसवा. हललीच नाही तर नवा घ्या. मग रेडिएटर: नुसतं धुऊन भागत नाही, जुन्या तांबे-पितळी रेडिएटरला नवा कोर टाकून घ्या, ट्रकवाल्यांचं काम करणारे जुने कारागीर हे चांगलं करतात. फॅनभोवतीचं कव्हर हरवलेलं असतं, ते पत्र्याचं करून लावा. त्याच्याशिवाय फॅन एकाच जागची हवा घुसळत राहतो. बोअरिंगचं पाणी घालू नका, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट.

ब्रेकमध्ये काटकसर नको. मास्टर सिलेंडर, व्हील सिलेंडर, रबरी होज, सगळं नवं. गंजलेले पाइपही बदला. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रमची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही भरलेली दिसली तरी इतकी वर्षं उभ्या गाडीचे टायर समृद्धी महामार्गावर न्यायचे नाहीत. रुंद टायर जरूर लावा, फक्त चाकाची एकूण उंची मूळच्या जवळ ठेवा आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून कमानीला घासत नाही ना ते बघा.

तुमचा मसल कारचा लूक बाकीच्या गोष्टींतून येईल: चांगले अलॉय, नवे शॉक अॅब्सॉर्बर, मागून किंचित उंच बसलेली गाडी, काळ्या रंगाची ग्रिल, रिले टाकून उजळलेले हेडलाइट. ही नाकाड ठेवणच मुळात ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरकडून आलीय, तिला फार सजवायची गरज नाही. सायलेन्सर कायदेशीर आवाजाचाच ठेवा.

रंगाचं म्हणाल तर घासणं, प्रायमर आणि परत घासणं घरी करा, शेवटचा हात बूथमध्ये. दोन भागांच्या पीयू पेंटमधलं हार्डनर फुप्फुसाला घातक आहे आणि साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. मे महिन्यात फवारा पत्र्यावर पोहोचण्याआधीच वाळतो, पावसाळ्यात ओल धरते. दिवाळीनंतरचे महिने ठेवा.

पार्टसाठी घाबरू नका. १.८ चं हेच इसुझू इंजिन अॅम्बेसेडर १८०० आयएसझेडमध्येही होतं, त्यामुळे इंजिनाचे पार्ट मिळतात. कोलकात्याचा मल्लिक बाजार जुन्या गाड्यांच्या सामानासाठी प्रसिद्ध आहे आणि आपण हावडा-मुंबई लाइनवर असल्याने माल येणं सोपं. मिळत नाहीत ते काचा, टेललाइट, दारांचे रबर, क्रोमच्या पट्ट्या. त्यामुळे तुटकं-फुटकंही फेकू नका, पिशवीत घालून वर चिठ्ठी लावा.

दोन लाखांत सुरक्षित चालणारी, नीट थांबणारी गाडी होऊ शकते, पण पेंट आणि इंटिरियर त्यात बसणार नाही. पट्टी आणि फ्लोअर दोन्ही गेलेले असतील तर तेवढेही पुरणार नाहीत. पत्रा टोचून बघण्याआधी कोणी ठेक्यात आकडा सांगत असेल तर त्याला गाडी देऊ नका.

जॅक लावतात तिथली पट्टी, ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर आणि मागचं सस्पेन्शन बॉडीला जिथे धरतं ती जागा, या तिन्हींचे फोटो खालून, टॉर्च मारून काढा आणि पाठवा. पॅच मारून भागेल की पूर्ण पट्टी कापावी लागेल, ते मी बघून सांगतो.