पाणकणसाचा नमुना हर्बेरियमसाठी कसा घ्यावा?

भांडुपच्या खाडीकाठचं पाणकणीस हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, कसं घ्यायचं, असं विचारलंत. नुसतं तपकिरी कणीस तोडून आणू नका, ही कळकळीची विनंती! ते फक्त मादी फुलांचं. वरचा नर भाग लवकर झडतो. म्हणून फुलोरा ताजा असतानाच घ्या आणि दोन्हींमधलं मोकळं अंतर तिथेच मोजा, जात ओळखायला ते फार लागतं. पिकलेलं कणीस वाळताना फुटून कापूस होतो. जाड कणीस उभं चिरा, लांब पानं नागमोडी दुमडा. पानाचा आवरणासकट बुडखा, गड्ड्याचा (जमिनीखालच्या खोडाचा) तुकडा हवाच. उंची, पाण्याची खोली, खारेपणा, तारीख, नेमकी जागा लगेच वहीत लिहा. नमुना दाबून वाळवताना टीपकागद रोज बदला. कांदळवनात शिरण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या. ओळख पडताळायला मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम आहेच.