कोलांटउड्या मारणारा रोबो आणि शाखेची निवड

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. माणसासारख्या रोबोंच्या कोलांटउड्यांचे व्हिडिओ बघून तिला ‘रोबोटिक्स अँड ऑटोमेशन’च हवंय. मी म्हणतो, मेकॅनिकल घे. रोज वाद होतात. काय करावं? – एक पालक, सांगली

उत्तर : तुम्ही दोघं शाखेच्या नावावरून भांडताय, अभ्यासक्रम उघडून पाहिलात का?

बोस्टन डायनॅमिक्स या अमेरिकी कंपनीच्या अ‍ॅटलास रोबोने उलटी कोलांटउडी मारली २०१७ साली. त्याआधी दोनच वर्षं, कॅलिफोर्नियात डार्पाने (अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संशोधन संस्था) भरवलेल्या रोबो स्पर्धेच्या अंतिम फेरीत, साधं दार उघडताना रोबो कोसळत होते. जिंकला कोरियाचा ह्युबो. त्याच्या गुडघ्यांना चाकं होती. चालायची गरज नसेल तिथे तो गुडघ्यांवर बसून सरकायचा. (मला तर त्याचंच जास्त कौतुक वाटतं.) एप्रिल २०२५ मध्ये बीजिंगच्या अर्धमॅरेथॉनमध्ये तिआनगोंग हा चिनी रोबो २१ किलोमीटर पळाला, २ तास ४० मिनिटांत, वाटेत बॅटऱ्या बदलाव्या लागल्या, एकदा पडलाही.

होंडाचा असिमो २००० साली आला तेव्हा जमिनीच्या दाबाचा केंद्रबिंदू तळपायाच्या कडेबाहेर जाऊ नये, असं गणित आधी मांडून प्रत्येक पाऊल टाकलं जाई. म्हणून तो गुडघे वाकवून, जपून चालायचा. आता संगणकात हजारो आभासी रोबो एकाच वेळी चालायला सोडतात. मुद्दाम जमीन निसरडी करतात, वजन बदलतात, धक्के देतात. पडत-सावरत तयार झालेली चाल मग खऱ्या यंत्रात उतरवतात. पण खऱ्या मोटरला तापायची सवय असते, गिअरमध्ये ढिलाई असते, सेन्सरची खबर क्षणभर उशिरा येते. आभासी रोबो झकास चालतो आणि खरा लडखडतो तो इथेच. त्यामुळे मेकॅनिकलवाल्यांना या क्षेत्रात भरपूर काम आहे, हे तुमचं बरोबर. आणि प्रोग्रॅमिंगशिवाय इथे पान हलत नाही, हे तिचंही.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. दोन पायांवर चालणारे रोबो बनवणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्या अमेरिकेत आणि चीनमध्ये आहेत. पुणे-चाकण पट्ट्यात रोबोचं काम म्हणजे मुख्यतः वेल्डिंग करणारे, माल उचलणारे यांत्रिक हात. तेही चांगलं काम आहे, फक्त तिला ते आधी माहीत असावं.

सीईटी झाली की तिला दोन चाकांवर तोल सांभाळणारी छोटी गाडी बनवू द्या. अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), कल आणि हालचाल मोजणारा एमपीयू-६०५० सेन्सर, दोन मोटरी. सगळं ऑनलाइन मिळतं. गाडी पहिल्यांदा पडणारच. का पडली ते शोधायला ती वही-पेन घेऊन बसली, तर तिला हवी ती शाखा घेऊ द्या. मात्र त्या कॉलेजच्या अभ्यासक्रमात डायनॅमिक्स, कंट्रोल सिस्टिम्स आणि लिनिअर अल्जिब्रा हे तिन्ही नीट शिकवतात का, ते बघा. नसतील, तर मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेऊन रोबोटिक्स एम.टेक.ला करता येतं. प्रवेशाआधी लॅब बघून या, आणि तिथल्या रोबोला विद्यार्थ्यांना हात लावू देतात का, हेही विचारा.